किल्लीसर आणि खोटा उजेड

आनंदाची बातमी घेऊन किल्लीसरांकडे कधी जाऊ नये! त्यांच्या घरी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, कौतुकाने नव्या पुडीचा चहा पुढे केला, की सर म्हणायचे, "जुन्या पुडीचाही एक कप करा. डोळे मिटून पितो, फरक कळतो का बघू." काकू कपाळाला हात लावायच्या, पण दुसरा कप करायच्याच.

जळगावच्या आमच्या कॉलेजात ते औषधशास्त्र शिकवत. बुरशीवरचं औषध यीस्टच्या जिवंत पेशीत नेमकं कुठे जाऊन बसतं, हाच त्यांचा ध्यास. औषधाच्या रेणूला चमकणारा रंग जोडायचा, पेशीला मरू द्यायचं नाही आणि सूक्ष्मदर्शकातून उजेड कुठे पडतो ते बघायचं. "मेलेली पेशी कुठलाही रंग घेते. जितीलाच विचारा," हे त्यांचं पालुपद.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास, मी त्यांच्या हाताखाली शिकत असताना, एकदा आम्हाला तो उजेड दिसला. पेशीच्या कडेकडेने हिरवागार! सर मूळचे भडगावचे. हरखले की गावच्या बोलीत शिरायचे. "हाई खरं शे का?" म्हणत, खरं वाटेना म्हणून पुन्हा पुन्हा डोळा लावू लागले. त्यावर मुंबईच्या परिषदेचं बोलावणं आलं, आयुष्यातलं पहिलंच. काकूंनी धुळ्याहून कोट शिवून आणला.

आणि सर म्हणतात, "आता दात कानशीने घासलेली किल्ली बनवू." औषध ही किल्ली आणि पेशीतली त्याची जागा हे कुलूप, असं ते समजावत. म्हणजे तोच रंग, तसाच रेणू, फक्त कुलपात बसणारा भाग मोडलेला. तो चमकला नाही, तरच आपला उजेड खरा. या किल्लीपायीच पोरांनी त्यांचं नाव पाडलं होतं. मी भडकलेच.

"सर, परिषद तोंडावर आलीय! आत्ताच कशाला?"

"मलाही भीती वाटतेय गं. म्हणून तर आत्ताच."

मोडका रेणूही तस्साच चमकला. औषधाचा ठिकाणा आम्हाला लागलाच नव्हता. नुसता रंग पेशीला चिकटत होता. मला रडूच फुटलं. सर म्हणाले, "चल, काकूंनी भरीत केलंय."

मला वाटलं, आता मुंबई रद्द. छे! कोट चढवून निघाले आणि मलाही नेलं. तिथे दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावून सरळ सांगितलं, "आमचा उजेड खोटा निघाला. कसा, ते दाखवतो." मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. तेवढ्यात मागून एक नावाजलेल्या संशोधक बाई उठल्या. चेहरा उतरलेला.

"सर, हाच रंग मीही वापरते. मी हे कधी तपासलंच नाही."

सर एकदम खुलले. "मग जळगावला या ना! मोडका रेणू आमच्याकडे तयार आहे."

बाई खरंच आल्या. पुढे मी त्यांच्याच हाताखाली संशोधन केलं, मोठमोठी माणसं पाहिली. पण त्या दिवशी सरांचा वाटला तेवढा अभिमान मला पुन्हा कुणाचाच वाटला नाही.