वरवरचा गंज

तज्ज्ञ हे नाव त्यांना बायकोच्या भावाने ठेवलं, आणि ठेवलं तेव्हा शिवी म्हणूनच ठेवलं. त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. गल्लीत कोणी "काय तज्ज्ञ, कसं काय?" म्हणालं, की ते चष्मा वर सरकवून उभे राहत, जणू आता सल्ला द्यायचाच आहे. बिघडलेली वस्तू आणि ती दुरुस्त करणारा माणूस अशी दोन्ही एकदम दारात आली, तर ते आधी माणसाला वाटेला लावत. न्हाणीघरातला नळ त्यांनी असाच दुरुस्त केला होता. त्यानंतर तो कधी गळला नाही हे खरं. पण त्यातून पाणीही आलं नाही, आणि घरची माणसं तेव्हापासून बादली भरायला स्वयंपाकघरात जात होती.

उभं आयुष्य त्यांनी एका कारखान्याच्या गोदामात काढलं. काम काय, तर बाहेर जाणाऱ्या मालाकडे बघून मान हलवायची. मान हलवणं त्यांना फार छान जमे. कारखाना बंद पडला तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी एक जुनी निळी पिकअप घेतली आणि लोकांचं घरसामान हलवायला सुरुवात केली. म्हणजे कपाटं हमाल उचलत, दोर हमाल बांधत, आणि हे खाली उभे राहून "जरा डावीकडे, अजून डावीकडे" करत. तरी गाडी चालली आणि त्यावर घर चाललं, हे त्यांच्या बायकोने कधी नाकारलं नाही. ती न्यायाने बोलणारी बाई होती. नवऱ्याचं कौतुक करण्यासारखं काही सापडलं की ती ते लगेच करून मोकळी होई. वेळ फारसा लागत नसे.

गंज मागच्या चाकाच्या वर सुरू झाला. रंगाला वाटाण्याएवढा फोड आला. तिने तो दाखवला. तज्ज्ञांनी त्यावरून बोट फिरवलं आणि "वरवरचा आहे" असं सांगितलं. पुढच्या वर्षी फोड फुटून तिथे अंगठा जाईल एवढं भोक पडलं, तेव्हाही तो वरवरचाच होता. भोकात त्यांनी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून लांबी थापली, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची ती राखाडी लुकण, मग ती घासून गुळगुळीत केली आणि निळा रंग मारला. घासकाम आणि रंगकाम मात्र त्यांचं खरंच सुरेख. हात फिरवून पत्रा कुठे संपला आणि कागद कुठे सुरू झाला हे कळू नये. फक्त निळा कधी जुळला नाही. दर खेपेला दुकानदार "हाच तो" म्हणे आणि हे मान हलवत. गाडीकडे बघून वाटे, या माणसाने आपले न खपलेले सगळे डबे हिच्यावरच खपवले.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला, फेऱ्या बंद झाल्या आणि गाडी घरासमोर उभी राहू लागली. तेव्हापासून तर त्यांच्या प्रेमाला ऊतच आला. आठवड्यातून दोनदा नळी लावून अंघोळ. बायकोला ताप आला असता तिच्या वाट्याला पेलाभर पाणी आलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. बाजारात जाताना ती शेजारच्या सीटवर बसे आणि प्रत्येक वळणावर दारात खळखळ ऐके. एकदा तिने विचारलं, हे काय वाजतंय. ते म्हणाले, डिझेल. डिझेल दारात कशाला असेल, असं तिने पुन्हा विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की बाई प्रश्न निवडून विचारते.

अशाच एका फेरीत तिच्या पायाखालचं रबर सरकलं. खाली तिला आपला चहाचा ट्रे दिसला. पाहुण्यांसाठीचा, गुलाबाच्या फुलांचा, जो हरवला म्हणून तिने कामवालीवर संशय घेतला होता. गाडीच्या तळाला पडलेल्या भोकावर तो चार रिबिटांनी ठोकून बसवला होता, आणि त्याच्या कडेच्या फटीतून रस्ता पळताना दिसत होता.  घरी येऊन तिने कामवालीला एक साडी दिली. कारण सांगितलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या वर्षी लेकीने नोकरी सोडली. लेक जुन्या सोफ्यांच्या स्प्रिंगा बदलून, नवं कापड चढवून देण्याच्या कामात तरबेज झाली होती, आणि घाटापलीकडच्या शहरात तिने एक गाळा घेतला होता. सोफे आणायचे, दुरुस्त करून पोचवायचे, म्हणजे गाडी हवी. नवी परवडत नव्हती. तज्ज्ञांनी जेवता जेवता जाहीर केलं की पिकअप तुझी. आणि मी ती माझ्या हाताने नव्यासारखी करून देईन. लेकीचे डोळे भरून आले. आईचा घास तोंडातच राहिला.

मग काम सुरू झालं. तज्ज्ञ गाडीखाली आडवे, आणि बायको बाहेर बसून दिवा धरणार, लांबीचा डबा पुढे करणार, आणि "वा" म्हणणार. पहिली दोन कामं तिने केली. दाराच्या खालच्या कडेशी आले तेव्हा तिथे ओळीने छोटी भोकं होती, आणि ही काही गंजाची नव्हती. चांगली गोल, पाडलेली. तज्ज्ञांनी ती एकेक करून लांबीने बुजवली. ही दर वर्षी बुजवावी लागतात, ते म्हणाले, जुनी लांबी निघून येते. कंपनीवाल्यांनी भोकं उघडी ठेवली, आळशी लेकाचे, सगळं पाणी यातून आत शिरतं.

तिने दिवा खाली ठेवला. काचेच्या फटीतून पाणी दारात वरून उतरतं, हे काच पुसणाऱ्या कोणालाही दिसतं. मग ते जायचं कुठून? तिच्या गच्चीवरच्या प्रत्येक कुंडीला बुडाशी भोक होतं, आणि ते का असतं हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

"अहो, ही पाणी बाहेर जायची भोकं आहेत," ती म्हणाली.

"गाडी म्हणजे कुंडी नव्हे," गाडीखालून उत्तर आलं.

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस आठवड्यातून दोनदा गाडीत पाणी भरत होता आणि वर्षातून एकदा बूच लावत होता. ती खळखळ म्हणजे हेच. गाडी गंजत नव्हती, हे तिला मुरवत होते, लोणच्यासारखं. आणि दारांचं जे झालं तेच खालच्या पोकळ पट्ट्यांचं झालं असणार; आणि ज्या लोखंडी सांगाड्यावर सगळं धूड उभं आहे त्याचं काय झालं असेल, याचा विचार करत ती तशीच चपला घालून भावाकडे गेली.

भावाचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि तोही काही साधुसंत नव्हता. उपड्या ड्रमवर बसून तो दिवसभर इतरांच्या चुका सांगे, आणि उरलेल्या वेळात वेल्डिंग करी. तज्ज्ञांशी त्याचं बोलणं बंद होतं. कधी काळी त्याने "हा पत्रा कापून नवा घालावा लागेल" म्हटलं होतं आणि यांनी "ज्याच्या हातात गॅसकटर त्याला सगळं कापावंसंच वाटतं" असं उत्तर दिलं होतं. एवढ्यावर दोन म्हातारे वर्षानुवर्षं एकमेकांना रस्त्यात ओळख देत नव्हते. आता बहिणीचं ऐकून तो मनापासून सुखावला. मी काही बोलणार नाही, असं म्हणून तो अर्धा तास बोलला. शेवटी म्हणाला, येईन, जरूर येईन, पण त्यांनी स्वतः येऊन सांगितलं तर.

"दादा, तुमची दोघांची नाकं एका पेटीत घालून कुलूप लाव," ती म्हणाली. "तुझी भाची भरलेली गाडी घेऊन घाट उतरणार आहे."

तो जरा वरमला. पण ड्रमवरून उठला नाही. तिने विचारलं, रंगाखाली लोखंड आहे की कागद हे ओळखायचं कसं?

"टोच," तो म्हणाला. "लोखंड असलं तर हत्याराला कळेल. कागद असला तर तुला."

गाडी द्यायच्या दिवशी तज्ज्ञांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पिकअप अशी चमकत होती की शेजारीपाजारी चहाचे कप हातात घेऊन बघायला आले. खालचा सांगाडासुद्धा काळ्याभोर डांबरी रंगाने रंगवलेला. तज्ज्ञ एकेकाला हात फिरवून बघायला लावत होते. लेक किल्ली घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की आईला क्षणभर वाटलं, जाऊ दे, मूग गिळून बसावं. मग तिने शिवणयंत्राचा स्क्रूड्रायव्हर काढला, मागच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि सांगाड्याच्या काळ्या पट्टीला टोचलं. तो मुठीपर्यंत आत गेला. आवाजही झाला नाही.

 स्क्रूड्रायव्हर तिने लेकीच्या हातात दिला.

लेक हत्यारांत वावरणारी. तिने एकदा टोचलं, दोनदा टोचलं, मग भोक रुंद करून बोटं घातली. कागदाचा बोळा बाहेर आला, सुटला, आणि त्यावर तज्ज्ञांच्या अक्षरात सोडवलेलं शब्दकोडं निघालं. तेही पेनने आणि निम्मं चुकीचं. एक शेजारी हसला. तज्ज्ञ म्हणाले, काही नाही, ते वरवरचं आहे.

"बाबा, माझा हात आत गेलाय," लेक म्हणाली.

ते म्हणाले, हात जाणारच, पोकळच असतं ते, बाजूचा भाग भक्कम आहे. लेकीने हात काढला, झाडला. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"परवा पहिली फेरी आहे," ती म्हणाली. "मागे दोन सोफे आणि एक दिवाण. घाट उतरायचा आहे. तुम्ही माझ्या शेजारी बसा."

"मी कशाला?"

"भक्कम आहे म्हणता ना. बसा."

तज्ज्ञांनी सीटकडे बघितलं. चाकाकडे बघितलं. चष्मा वर सरकवला.

"माझा गुडघा इतका वेळ दुमडून राहत नाही," ते म्हणाले.

हाच गुडघा गेल्या महिन्यात दुमडून ते बसने चुलतभावाकडे गेले होते, त्याचा फ्रिज कसा ठेवायचा ते सांगायला. शेजाऱ्यांनी कपांत बघितलं. आणि त्यांची बायको त्यांच्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून ती या माणसाला मूर्ख समजत आली होती, आणि त्या समजुतीत एक आराम होता. मूर्खाबरोबर संसार करता येतो. त्याला कळतच नाही, म्हणून सोडून देता येतं. पण यांना कळत होतं. कागद कुठे कुठे आहे हे यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार, कोंबला यांनीच. स्वतः बसणार नव्हते. पोरीला बसवत होते. का, तर गल्लीसमोर "जमलं नाही" म्हणायला लागू नये म्हणून.

"अहो, शर्ट बदला," ती म्हणाली. "दादाकडे जायचंय."

ते गेले. चालण्याच्या गतीने गाडी नेली, बायको आणि लेक मागून पायी. दुकानापाशी उतरून ते आधी हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, तुझा हात मोकळा असला तर जरा बघ म्हटलं. भावाने ग्राइंडर चालू केला आणि कानाला हात लावून "काय म्हणालात?" असं विचारलं. तज्ज्ञांनी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा बहिणीने भिंतीतून ग्राइंडरची वायर उपसली, आणि दोघांनाही एकदमच सगळं नीट ऐकू येऊ लागलं.

मग खरं काम झालं. कुजलेला भाग कापून काढला तेव्हा जमिनीवर जे पडलं ते बघून भावालासुद्धा टोमणा सुचला नाही. सांगाड्याला दोन्ही बाजूंनी नवं लोखंड जोडलं, तळाला नवा पत्रा घातला. दाराची भोकं लेकीने स्वतः ड्रिलने मोकळी केली. तपकिरी, घाण वासाचं पाणी किती तरी वेळ वाहत होतं. तज्ज्ञ बाजूला उभे राहून "जरा डावीकडे" म्हणत होते. कोणी ऐकत नव्हतं, कोणी गप्पही करत नव्हतं. परवाची फेरी पुढच्या आठवड्यावर गेली, एवढंच.

जायच्या सकाळी गाडी दारात उभी राहिली, ती जुना निळा आणि नव्या पत्र्यावरचा विटकरी प्रायमर अशी पट्ट्यापट्ट्यांची. मागे सोफे आणि दिवाण दोरांनी बांधलेले. तज्ज्ञ निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन बाहेर आले. दोन तासांचं काम आहे, ते म्हणाले, अशी विचित्र गाडी घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जाशील का.

"रंग नको, बाबा," लेक म्हणाली. "गंज आला तर मला दिसायला हवा."

ते डबा घेऊन तिथेच उभे राहिले. एवढ्यात बायको हातात पिशवी घेऊन जिना उतरली, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि लेकीच्या शेजारी चढून बसली. कुठे निघालीस, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, घाट उतरायला; पहिल्या फेरीला कोणीतरी बरोबर हवं.

"आणि परत कधी?"

"बघू. गाळा लावायचाय, पडदे शिवायचेत."

"मग इथलं जेवणखाण?"

तिने दार ओढून घेतलं. ते एका दमात बसलं.

"तुम्हाला सगळं येतं," ती म्हणाली, आणि लेकीला म्हणाली, "चल."