एकोणसाठ वर्षांचे अप्पा

आमच्या गिरगावच्या चाळीत अप्पा सलग चार वर्षं एकोणसाठ वर्षांचे होते.

दरवर्षी दिवाळी आटोपली की ते काकूंना घेऊन शिडाच्या एका लहानशा होडीतून मस्कतला निघून जायचे आणि वैशाखात परत यायचे. आल्यावर वळकटी खांद्यावरून उतरवायच्या आधी अंगणात उभे राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचे, "काय मंडळी, मिळाली का मुंबई?"

तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून उत्तर यायचं, "नाही, अप्पा!"

"मग मी अजून एकोणसाठ!" असं म्हणून टोपी उडवायची, झेलायची, आणि जिना चढायला लागायचं. झेलायची राहिली की काकू उचलून द्यायच्या.

अप्पा गोदीच्या कचेरीत कारकून होते. तीस वर्षं जगभरची जहाजं आली-गेली लिहिली, स्वतः मात्र कधी एलिफंटाच्या पलीकडे गेले नाहीत. निवृत्त झाले त्या महिन्यात जुनी जहाजं तोडतात त्या दारूखान्यातून, मोडीत निघालेल्या एका बोटीची जीवरक्षक होडी घेऊन आले. कफ परेडच्या कोळ्यांकडून तिच्यावर डोलकाठी उभी करून घेतली, त्यांच्याकडूनच शीड शिकले, आणि दुसऱ्या वर्षी मोठ्या गलबतांच्या मागोमाग मस्कत गाठलं. होडीला नाव दिलं 'सुशीला'. हे काकूंचं नाव. काकू म्हणायच्या, "तिला दरसाल नवा रंग लागतो. मला नवं लुगडं तीन वर्षांनी. आता सांग, खरी बायको कोण?"

परदेशात माणूस म्हातारा कसा होतो, हे मला त्या दोघांमुळे कळलं. आपण चाळीत बसून म्हातारे होतो, तेव्हा रोजच्या रोज कोणाच्या लक्षात येत नाही. हे दोघं सात-सात महिन्यांनी दिसायचे, त्यामुळे एकेका हप्त्यात म्हातारे व्हायचे. एका वर्षी अप्पा कवळी मस्कतच्या समुद्रात टाकून आले. "शिंकलो, आणि गेली. आता तिथला एखादा मासा माझ्या दातांनी हसत असेल." पुढच्या वर्षी काकूंचे गुडघे धरले. दोर ओढायची ताकद दोघांचीही कमी व्हायला लागली, तेव्हा काकूंनी उपाय काढला. दर पावसाळ्यात त्या शिडाची एक पट्टी कापून टाकायच्या आणि कडा पुन्हा शिवायच्या. "ह्यांचे हात आखूड झाले, मग शीडही आखूड करायला नको?" कापलेल्या पट्ट्यांच्या भाजीच्या पिशव्या व्हायच्या. आमची अख्खी चाळ मस्कतचं वारं प्यालेल्या कापडातून मेथी आणि दुधी आणायची.

आता ते एकोणसाठचं प्रकरण. काकूंनी प्रभादेवीच्या गणपतीसमोर अप्पांकडून वचन घेतलं होतं. साठीशांत झाली की होडी विकायची आणि चारचौघांसारखं गॅलरीत बसायचं. अप्पांची साठी भरली ती नेमकी छप्पन सालच्या वैशाखात. मुंबईसह महाराष्ट्रासाठी चळवळ पेटली होती. आमच्या शेजारच्या गल्लीतला एक तरुण त्या थंडीत गोळीबारात गेला होता. अप्पा परत आले आणि अंगणात त्यांना हे कळलं. टोपी काढून, ती हातात धरूनच ते जिना चढले. ते "मिळाली का मुंबई?" पुढच्या वर्षापासूनचं. दुसऱ्या दिवशी गुरुजी मुहूर्त घेऊन आले, तेव्हा म्हणाले, "मुंबई मिळाल्याशिवाय मी साठीशांत करणार नाही. नवस समजा."

तो नवस निम्मा खरा होता, निम्मा पळवाट. कुठला निम्मा मोठा, ते काकूंना ठाऊक होतं. त्या आतूनच म्हणाल्या, "गणपतीला दिलेलं वचन मोडायला अख्खा महाराष्ट्र वेठीला धरला ह्यांनी!"

मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात, होडी पाण्यात घालून तपासायची होती, तेव्हा अप्पा म्हणाले, "चला मास्तरीणबाई, भूगोल दाखवतो." कफ परेडहून निघालो. पहिली सूचना मिळाली ती अशी: "मी 'वाका' म्हटलं की खाली वाकायचं. शीड फिरतं तेव्हा खालचं लाकूड डोक्यात बसतं. ते हेडमास्तरीणबाईंनाही सोडत नाही."

अप्पा सुकाणूवर ऐटीत बसले होते. काकू पुढे बसून तांदूळ निवडत होत्या. आणि दर दोन मिनिटांनी अप्पा विचारायचे, "अगं, समोर काय?"

"डावीकडे मचवा. दोन माणसं. एक विडी ओढतोय."

"आणि पुढे?"

"लाल बोया तरंगतोय."

माझं डोकं फिरलं. काय हा थाट! बाईनं तांदूळही निवडायचे आणि पुढचा समुद्रही वाचून दाखवायचा! काकू चहा करायला आत वाकल्या. अप्पांनी सवयीनं विचारलं, "समोर काय?" मी तोऱ्यात म्हटलं, "डोळे आहेत ना तुम्हाला? बघा की!"

अप्पा नुसते हसले. समोर नांगरलेला एक भलामोठा पडाव होता. घराएवढा. मला वाटलं, वळवतील. होडी सरळ चालली होती. मला वाटलं, गंमत करताहेत. होडी सरळच चालली होती.

"अहो, उजवीकडे! उजवीकडे घ्या!" काकू किंचाळल्या. सुकाणू फिरलं, 'सुशीला'नं पडावाला कूस घासली, आणि चहा माझ्या साडीवर सांडला.

थोड्या वेळानं अप्पा म्हणाले, "मास्तरीणबाई, तोंडी परीक्षेत नापास."

किनाऱ्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. "परळच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. डोळ्यांच्या नसा सुकताहेत, इलाज नाही. आता नुसतं धुकं दिसतं ह्यांना. कोणाला बोलू नकोस."

"काकू, मग तुम्ही जाता कशाला? बुडाल एक दिवस!"

"गॅलरीत बसले की त्याच दिवशी आंधळे होतील ते," काकू म्हणाल्या. "होडीत मी आहे तोवर दिसतंय त्यांना. मुंबई मिळेपर्यंत ढकलते."

त्यानंतर मी मोर्चात घोषणा द्यायचे तेव्हा माझा आवाज अडखळायचा. मुंबई तर हवीच होती. पण मिळाली की अप्पांचं काय, हे माझ्याशिवाय त्या गर्दीत कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि न मिळाली, तर एक दिवस समोरचा पडाव काकूंनाही वेळेवर दिसला नसता.

साठ सालच्या मे महिन्यात मुंबई मिळाली. चाळीवर रोषणाई झाली, पेढे वाटले, आणि अप्पांचा पत्ता नव्हता. आठ दिवसांनी उगवले. अंगणात उभे राहिले. ओरडले नाहीत. वरून सगळी चाळ ओरडली, "मिळाली, अप्पा!"

"कळलं रे. ओरडता कशाला?" असं म्हणून ते जिन्याकडे वळले. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "एक मेला मिळणार, हे मस्कतलाच कळलं होतं. बारा दिवस म्हणत होते, वारा नाही. वारा होता गं. ह्यांच्या मनात नव्हता."

चौसष्टाव्या वर्षी अप्पांची साठीशांत झाली. त्या विधीत काशाच्या वाटीत पातळ तूप ओततात आणि यजमानानं त्यात आपलं तोंड बघायचं असतं. गुरुजींनी वाटी पुढे केली. "बघा अप्पा. दिसतंय का मुख?"

चाळ गप्प झाली. म्हणजे चाळ नेहमीसारखीच बडबडत होती, मला ऐकू येईनासं झालं. अप्पा वाटीवर वाकले. मग मान किंचित वळवून हळूच म्हणाले, "अगं, समोर काय?"

काकू शेजारीच होत्या. त्यांनी वाटीत डोकावलं. "समोर एक म्हातारा. टोपी तिरकी. कान मोठे. दाढी नीट झालेली नाही."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे एक म्हातारी. धडकाल, जरा जपून."

"दिसलं, गुरुजी," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "दोघंही देखणी आहेत."

सगळे हसले. मीही हसले, पदर डोळ्यांना लावून.

आठवड्याभरात 'सुशीला' कफ परेडच्या एका कोळ्याकडे गेली. अप्पांना पुढे धुकंही दिसेनासं झालं. रोज संध्याकाळी काकू त्यांना हाताला धरून चौपाटीवर आणायच्या. एकदा मीही शेजारी वाळूत बसले होते. समोर भेळेची गाडी होती, आणि एक घोडा, ज्याला चालायची इच्छा नव्हती.

"समोर काय?" अप्पांनी विचारलं.

"मस्कतचा किल्ला," काकू म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "बुरुजावर दोघं उभे आहेत. एक विडी ओढतोय."

"वारा?"

"मागून. छान आहे."

"शीड केवढं लावलंयस?"

"सगळं. पहिल्या वर्षी होतं तेवढं."

अप्पांनी वाळूत पाय रोवले, हात मागे नेऊन नसलेलं सुकाणू धरलं, आणि माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "मास्तरीणबाई, वाका!"

मी वाकले.