एल्डनच्या हातची काडतुसं

शेडचं दार उघडताच व्हर्नाने नाकाला रुमाल लावला. एल्डन होता तोवर ती कधी उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. तो नवऱ्याचा प्रांत, तिथे बायकोचं काय काम, असा दोघांचा न बोलता ठरलेला करार होता. आता एल्डन जाऊन हिवाळा सरला होता आणि आत काय आहे ते बघायला दुसरं कोणी नव्हतं.

भिंतीवर नेमबाजीची पदकं ओळीने लावलेली होती. त्यांच्या खालच्या टेबलावर तंबाखू थुंकायचा कॉफीचा डबा, काठोकाठ भरलेला. शेजारी बंदुकीची दारू तोलायचा नाजूक काटा, आणि त्याच्या ताटलीत उंदराच्या लेंड्या. वंगणात लडबडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. सगळ्यांवर तिचीच पिठाची चाळणी उपडी पडली होती. ही चाळणी हरवली म्हणून तिने घरभर शोधाशोध केली होती. तिने ती दोन बोटांनी उचलून दाराबाहेर ठेवली.

व्हर्ना लिंडक्विस्ट सेज क्रीकच्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळायची. तिथे तिचा एकच नियम होता: झाकणावर नाव आणि तारीख नसेल तर डबा कचऱ्यात. आत काय आहे ते उघडून बघायचंसुद्धा नाही. आणि ज्या माणसाशी तिने संसार केला, तो असल्या उकिरड्यात बसून गावात सर्वांत नेमकी काडतुसं भरतो म्हणून नावाजला गेला होता.

नाव मात्र खरंच मोठं होतं. अंत्यविधीनंतर नेमबाजी क्लबची मंडळी तिच्या घरी मांसाचे चांगले मोठे तुकडे चापत एल्डनचे गोडवे गात होती. एकाने हात पुसता पुसता विचारलंही, "व्हर्ना, त्याच्या काडतुसं भरायच्या प्रेसचं काय करणार आहेस गं? पडून गंजेल बघ." तेव्हाच तिचा घास तोंडात फिरला होता.

मग क्लबचा अध्यक्ष मर्ल टिबेट्स एक बेत घेऊन आला. मोसमातल्या पहिल्या सामन्याची सुरुवात एल्डनच्या रायफलीने करायची. गोळी व्हर्नाने झाडायची, आणि काडतूस एल्डनच्या हातचं असायचं. मरण्याआधी त्याने भरलेल्या काडतुसांचा एक डबा शेडमध्ये होताच, वर 'सामना' असं लिहिलेला.

"लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल बघ," मर्ल म्हणाला. व्हर्नाच्याही आलं. तिने हो म्हटलं.

पण लांबचा नेम धरायचा तर सराव हवा. दुकानातली काडतुसं त्या रायफलीला मानवत नाहीत, असं एल्डन नेहमी म्हणायचा. डब्यातली तर त्या दिवसासाठी जपायची होती. तेव्हा सरावाची आपणच भरावीत असं तिने ठरवलं आणि शिकवायला ओडेल क्वामीला बोलावलं. ओडेल क्लबातलाच, जन्मभर घरोघर टपाल वाटलेला, स्वतःची काडतुसं स्वतः भरणारा, कमी बोलणारा म्हातारा.

तो आला, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाला, "आधी बादली आण. साबण आण. बाकीचं नंतर."

दोघांनी मिळून घासलं. मग एकेक गोष्ट ती हाताने करून शिकली. वापरलेली पुंगळी धुवायची, साच्यात दाबून मापात आणायची, लांबी तपासायची, बुडात ठिणगीची टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि शेवटी वर गोळी बसवायची. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा, दुसरा कपाटात. हे ऐकून व्हर्नाला बरं वाटलं. यात माझ्या स्वयंपाकघरापेक्षा वेगळं काय आहे, ती मनात म्हणाली.

ओडेलचा हात मात्र दारूच्या मापावर थबकला. मापाच्या प्लास्टिकच्या नळीत जुनी दारू तशीच राहिली होती आणि नळी पिवळी पडली होती.

"ही कुठली?" त्याने विचारलं.

"मला काय ठाऊक! डबे तर दोन आहेत, दोन्ही उघडे."

ओडेलने 'सामना' लिहिलेला डबा पुढे ओढला. पोकळ डोक्याच्या हातोडीत एक काडतूस अडकवून लाकडावर आपटलं, तशी गोळी सुटून आली. दारू पांढऱ्या कागदावर ओतली. बारीक काड्या, सगळ्या सारख्या. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातून काड्या पडल्या आणि त्यांच्यात मिसळलेले गोल दाणे.

"नळीत पहिली तशीच ठेवून वरून दुसरी ओतली त्याने," ओडेल म्हणाला. "काड्या सावकाश जळतात, दाणे झटक्यात. हे झाडलं असतंस तर रायफल फुटून मागचा खटका तुझ्या तोंडावर आला असता."

व्हर्ना कागदाकडे बघत राहिली. "तो असा आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. पदकं आणणाऱ्याला कोण सांगणार, हात धू म्हणून?"

"आणि मी त्याच्या शेजारी निजायचे," ती म्हणाली आणि उठून पुन्हा हात धुवायला गेली.

तिने मर्लला फोन करून सगळं सांगितलं. तो हसला. "अगं, ओडेल शंकेखोर आहे. एक गोळी तर झाडायची! एल्डनचं काडतूस कधी दगा देत नसे. लोकांना काय सांगू मी आता? केकसुद्धा आलाय." आणि त्याच संध्याकाळी येऊन तो डबा घेऊनही गेला.

सामन्याच्या सकाळी रेंजवर वारा होता. टोप्या काढून मंडळी अर्धवर्तुळात उभी राहिली. मर्लने भाषण केलं आणि एल्डनचा डबा दोन्ही हातांनी व्हर्नापुढे धरला.

व्हर्नाने डबा घेतला नाही. पालथं पडून नेम धरायच्या चटईपासून बाजूला सरून ती म्हणाली, "मर्ल, तू त्याचा जिवलग ना? पहिला मान तुझा. तूच झाड."

"मी? नाही गं... हा बायकोचा मान."

"मी देतेय की तुला! घे ना."

मर्लने आजूबाजूला बघितलं. "हे बघ, दुसऱ्याच्या हातचं भरलेलं काडतूस मी झाडत नाही. कोणीच झाडत नाही. तो नियमच आहे, व्हर्ना."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. मर्लच्या मानेपर्यंत लाली चढली. व्हर्नाने त्याच्याकडे, मग त्या अर्धवर्तुळाकडे बघितलं. बहुतेकांनी नजर बुटांवर नेली. तिला शेडमधल्या घाणीपेक्षा हे जास्त किळसवाणं वाटलं. ती घाण निदान साबणाने निघाली होती.

तिने खिशातून आपण भरलेलं एक काडतूस काढलं, एल्डनच्या रायफलीत घातलं, चटईवर पालथी झाली आणि श्वास अर्ध्यावर रोखून घोडा दाबला.

लक्ष्याखालच्या खड्ड्यातून गोळी कुठे लागली ते दाखवणारी खूण वर आली. गोळी लक्ष्याच्या कागदावर होती, पण मधल्या काळ्या वर्तुळाच्या बरीच बाहेर.

"एल्डनचं मधोमध बसलं असतं," मर्ल पुटपुटला.

"बसलं असतं," व्हर्ना उठत म्हणाली. "आणि ते कुठे बसलं हे मी कुठल्या डोळ्याने बघितलं असतं?"

तिने त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि ओडेलकडे दिला. "राहिलेली आजच हातोडीने उघडू या." गुडघ्यावरची धूळ झटकून तिने आपलं पुढचं काडतूस रायफलीत भरलं.