ट्रकवाल्यांनी नापास केलेली गाडी

एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत जबलपूरला ज्याला विचारावं तो ट्रकमधला जाणकार होता. माझा धाकटा भाऊ तर ट्रकच बनवायचा. कारखान्यात ओव्हरटाइम चालू, बरेचसे रविवारही कामाचे, आणि घरी जेवताना तो स्प्रिंगच्या पात्यांबद्दल बोलायचा. मी दुसऱ्या कारखान्यात, तपासणी विभागाच्या ऑफिसात होते. चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची. आधीच्या लढाईत नागरी संरक्षणाच्या वर्गात आम्हा बायकांना जीप चालवायला शिकवली होती. लढाई संपली, वर्ग बंद झाला, लायसन्स राहिलं. ते मी दर वेळी मुदतीत नवं करून घेत असे. गाडी नसताना कशाला, असं भावजय विचारी. गाडी येणार होती म्हणून.

सदर बाजाराच्या पलीकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक अँग्लो-इंडियन साहेब राहत. ते मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले होते आणि त्यांची उघडी, दोन सीटची विलायती गाडी विकायची होती. हिरवी, बुटकी, तारांच्या चाकांची, पळण्यासाठी बनवलेली. ब्लॅकआउटच्या हुकमाप्रमाणे दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला, त्यामुळे ती झोपेतून नुकती उठल्यासारखी दिसायची.

घरी सांगितलं तेव्हा भावजय म्हणाली, "दोनच सीट? मग ताई, आम्ही सारे कुठं बसू?"

"रिक्षात. आत्ता बसता तसेच."

भाऊ म्हणाला, "चार दारांची घे ना. लोक हसतील. अच्छा, मी पाहून देतो. मी पास केली तर घे."

"पाहायला ये," मी म्हटलं. "पास मी करीन."

साहेबांना त्या रविवारी उत्तर हवं होतं. नाही दिलं तर गाडी नागपूरच्या एका डॉक्टरांकडे जाणार होती. मी ठरल्यापेक्षा तासभर आधी पोचले. विकणारा माणूस कितीही सज्जन असला तरी गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो, आणि तापलेलं इंजिन आपले आजार लपवतं. मी बॉनेटवर हात ठेवला. थंड होतं.

साहेब व्हरांड्यातून म्हणाले, "ट्रस्ट नहीं है, मैडम?"

"पूरा ट्रस्ट है, साहब. इसीलिए जल्दी आई हूँ."

ते हसले आणि खुर्ची टाकून तिथेच बसले.

कागदावर मी दोन रकाने आखून आणले होते. लढाई चालू असताना विलायतेहून सुटे भाग येणार नव्हते. तेव्हा दोष आहे की नाही हा प्रश्नच चुकीचा होता. इतक्या जुन्या गाडीत दोष असणारच. जबलपुरात काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही, एवढंच पाहायचं होतं.

रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. मागच्या मडगार्डवर तळहाताएवढी जागा सापडली. चाकांच्या तारांवर चमचा वाजवत गेले. घट्ट तार टणक वाजते, सैल तार बद्द. काही बद्द वाजल्या, पण ते सायकलवालाही कसून देईल. दार उघडून वर उचललं तर ते हललं. या जुन्या गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. डाव्या दाराखालचं आतलं कातडं बाजूला करून नख लावलं, लाकूड भुसभुशीत होतं. टांगे बनवणारा सुतार ते बदलू शकतो. हे सगळं पहिल्या रकान्यात गेलं.

मग साहेबांना शेजारी बसवून चढाच्या रस्त्याला नेली. दुसऱ्या गियरमध्ये दम धरते का, गियर सुटतो का, ते पाहिलं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, पुन्हा दाबला आणि आरशात पाहिलं. इंजिन तेल जाळत असेल तर निळा धूर येतो, तो नव्हता. इंजिन तापल्यावरही तेलाच्या दाबाचा काटा खाली आला नाही. दुसरा रकाना कोरा राहिला. तो कोरा राहावा असं मला किती वाटत होतं, ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

परत आलो तर भाऊ सायकल टेकवून उभा होता. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, बंपरवर उभा राहून उड्या मारल्या, गाडीखाली शिरायला गेला तर खांदेच आत जाईनात. उठून कपडे झटकले आणि खिशातून लाल खडू काढला. त्यांच्या कारखान्याच्या लाइनवर नाकारलेल्या मालावर लाल फुली मारत. ती त्याने सवयीने मडगार्डवर मारली. साहेब खुर्चीतून उठले.

"पुस ते," मी म्हटलं.

"ताई, हा माल रिजेक्ट आहे. स्प्रिंग दबूनच नाही राहिल्या, जाम आहेत. जमिनीपासून वीतभर उंची नाही. मागं सामान ठेवायला जागा नाही. काहून घेऊन राहिली तू हे?"

"स्प्रिंग जाम नाहीत, कडकच असतात. वळणावर गाडी कलू नये म्हणून. आणि मला सामान न्यायचं नाही."

"मग काय न्यायचं आहे?"

"मला."

खडू त्याने खिशात ठेवला. त्याने गाडी मन लावून पाहिली होती, फक्त ट्रक म्हणून पाहिली होती. मी म्हटलं, "खोट काढायचीच होती तर डाव्या दाराखालचं लाकूड कुजलंय, ते सांगायचं होतंस."

"गाडीत लाकूड?" त्याने वाकून पाहिलं, बोट घातलं आणि भुसा बाहेर काढला. "हे तर अजूनच खराब झालं."

"ते टांगेवाला सुतार करील. इंजिन तो करू शकला नसता, आणि तूही नाही. इंजिन ठीक आहे."

फुली मीच पदराने पुसली, पैशांचं पाकीट साहेबांपुढे केलं आणि म्हटलं, "साहब, डॉक्टर साहब को मना कर दीजिए."

भाऊ शेजारी बसायला तयार नव्हता. सायकल कोण नेणार, म्हणाला. मी एकटीच निघाले. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात हातगाड्यांमधून वाट काढताना कापडवाले गिऱ्हाइकं सोडून दारात आले. पुढे दीक्षितपुऱ्याची आमची गल्ली. तिच्यात कुणाचीही मोटार कधी शिरली नव्हती. सगळे आपापल्या मोटारी चौकात सोडून पायी येत. ही एका स्कूटरला आणि एका खाटेला बाजूला व्हायला लावून सरळ आमच्या पायरीपर्यंत गेली.

समोरच्या ओट्यावरच्या काकांनी चष्मा वर केला. "भैया ने ली है?"

"भैया साइकिल से आ रहे हैं," मी म्हटलं. "गाड़ी मेरी है."