कानसेनची गाठ

आमच्या घराच्या बरोबर खाली गॅरेज आहे. सोळा वर्षं झाली, पण त्याच्या आवाजाचा त्रास झाला असं मला कधी म्हणता आलं नाही, कारण आवाज गॅरेजच्या मालकालाच खपत नाही. शटर कुरकुरलं की ते तेलाची कुपी घेऊन धावतात. काम चालू असताना शीळ घालणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी "आधी ती आटपून या" म्हणून बाहेर उभं केलं होतं. गल्ली त्यांना कानसेन म्हणते. मी भाऊ म्हणते, माझी लेक काका म्हणते.

गाडी आली की भाऊ काही उघडत नाहीत. "सुरू करा आणि गप्प बसा," एवढंच सांगतात. मग हातभर लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, त्याची लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. दोन मिनिटांनी डोळे उघडले की निकाल लागलेला असतो.

त्यांची दुसरी खोड बांधाबांधीची. काम झालं की बॉनेटखालची प्रत्येक वायर आणि नळी ते मेण लावलेल्या दोऱ्याने आवळून टाकत. काही हलायला नको, काही वाजायला नको. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात मशीनवर सीटची कव्हरं शिवते. ती म्हणायची, "एवढी नीट वेणी माझी घातली असती तर आपलं एकदाही भांडण झालं नसतं."

या वर्षी माझ्या लेकीने एका निवृत्त दंतवैद्याकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली, वयाने लेकीपेक्षा मोठी. आत रोटरी इंजिन. मी नको नको म्हटलं. नवरा म्हणाला, "तू तिच्या सायकललाही नको म्हणाली होतीस." भाऊंनी मात्र ती गाडी पाहिली आणि लहान मुलासारखे हरखले. महिनाभर खपून त्यांनी ती उभी केली, वायरी नव्याने घातल्या, दोऱ्याने आवळल्या, आणि लेक ती घेऊन रोज कामावर जाऊ लागली.

तीन आठवडे बरे गेले. मग एका संध्याकाळी आमच्या उतारावर धडाम् झालं. मी ताट टाकून गॅलरीत आले. गाडी शांतपणे फाटकातून आत आली आणि लेक हसत खाली उतरली.

"काही नाही गं आई, सायलेन्सरमधून आवाज आला. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की येतो."

"पाय काढला की म्हणजे? पाय ठेवूनच बसायचं का मग?"

भाऊ बाहेर आले होते. त्यांनी मान जरा वाकडी केली, उजवा कान गाडीकडे केला आणि म्हणाले, "सायलेन्सरच्या सांध्यातून हवा ओढतेय. उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांध्याचं गॅस्केट बदललं. आवाज आला. पुन्हा बदललं, बोल्ट नवे घातले. आवाज आलाच. पंधरा दिवसांत तीनदा गॅस्केट झालं, कार्बोरेटर उघडून धुऊन झाला. पानवाल्याने विचारलं, "काय कानसेन, तोफखाना उघडला का?" भाऊ हसले नाहीत. त्याच संध्याकाळी आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी हात पुसता पुसता सांगून टाकलं, "हा आवाज मला सापडला नाही तर मी हत्यारं खाली ठेवली. शटर ओढायचं आणि घरी बसायचं."

लेक म्हणाली, "काका, काहीतरी काय बोलता!"

 नंतर जिन्यात मला गाठून वहिनीने सांगितलं. "डावा कान गेलाय त्यांचा. दोन वर्षं झाली. आता उजव्याचंही खरं नाही. कोणाला सांगू नका, मला शपथ घातलीय. या गाडीचं दुखणं सापडलं नाही तर ते खरंच बसतील हो, आणि घरात बसलेला तो माणूस मला नाही झेपायचा." ती हसत होती, पण हसताना पदराने नाक पुसत होती.

मी वर आले आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. सांगायला जरा लाज वाटते, पण पहिल्या दिवसापासून त्या गाडीचा प्रत्येक आवाज मी तारखेच्या चौकोनात लिहून ठेवला होता. लेक दारात आली की मी विचारायची, "आज कुठे वाजली? किती वाजता? किती वेळा?" आणि ती वैतागून उत्तरं द्यायची. उद्या काही झालं तर निदान माहिती तरी हाताशी असावी, एवढाच माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. लेकीनेच ते कॅलेंडर भिंतीवरून काढून खाली नेलं. "काका, हे बघा, आईने गाडीचा हजेरीपट ठेवलाय." मी मागून धावले, पण तोवर भाऊंनी चष्मा लावला होता.

ते बराच वेळ वाचत राहिले. मग बोटाने एकेक चौकोन दाखवत म्हणाले, "सकाळी वाजते ती पुलापाशी. संध्याकाळी इथे उतारावर. पूल घरापासून किती लांब?"

"वीस मिनिटं," लेक म्हणाली.

"आणि ऑफिसपासून हा उतार?"

"तेवढाच."

"आणि रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आलात तेव्हा एकदाही नाही." भाऊ खुर्चीत बसले. "मी रोज पहाटे ऐकत होतो. गल्ली शांत असते म्हणून. रात्रभर थंड झालेली गाडी! थंड गाडीला काही होतच नव्हतं. हिला तापल्यावर दुखतं."

मग त्यांनी लेकीला गाडी अर्धा तास फिरवून आणायला सांगितली आणि कपाटाच्या तळातून एक डबा काढला. कुणीतरी भेट दिलेला टायमिंग लाइट होता तो, पिस्तुलासारखा. प्लगच्या वायरीला त्याचा चिमटा लावला की वायरीतून ठिणगी जाईल तेव्हा दिवा लुकलुकतो. भाऊंनी तो कधी वापरला नव्हता. कान असताना डोळ्यांना कोण विचारतो?

गाडी तापून आली. लेकीने इंजिन चालू ठेवलं. भाऊ मला आणि मागे मशीनवर बसलेल्या वहिनीला समजावत होते, पण मला वाटतं ते स्वतःलाच समजावत होते. "या इंजिनात पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर गरगर फिरतो. असे दोन रोटर. प्रत्येकाला दोन प्लग. खालचा आधी पेटतो, वरचा क्षणभर मागून, राहिलेलं पेट्रोल जाळायला."

"म्हणजे मागून पातेलं पुसून घेणारा," वहिनी म्हणाली.

"हां. त्याने पुसलं नाही तर ते पेट्रोल तसंच तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं, आणि पाय काढला की तिथे भडकतं."

पहिल्या खालच्या वायरीवर दिवा लुकलुकला. दुसऱ्या खालच्या वायरीवरही. वरच्यांपैकी एकीवर चिमटा लावला आणि दिवा विझलेलाच राहिला. दुसरीवरही अंधार. इंजिन तर छान चालत होतं. मला त्यातलं काही कळत नाही, पण भाऊंचा चेहरा कळत होता.

"दोन्ही वरचे मेलेत. दोघांना ठिणगी पुरवणारी कॉइल एकच." ते वाकले आणि बोटांनी चाचपडत कॉइलपर्यंत गेले. तिथे एक बारीक वायर होती आणि तिच्यावर मेणाच्या दोऱ्याची घट्ट, देखणी गाठ. त्यांनी गाठ कापली. वायर वरून धडधाकट दिसत होती, पण त्यांनी ती दुमडली तर रबराच्या आत तार तुटलेली. इंजिन हलतं, वायरीला हलायला जागा नव्हती, ती गाठीशी तुटली. थंड असताना दोन्ही टोकं टेकलेली राहत, तापलं की सुटत.

भाऊ ती कापलेली गाठ हातात धरून उभे होते. ती खिशात टाकून "कॉइल खराब होती" म्हटलं असतं तरी आम्हाला कोणाला कळलं नसतं. वहिनीला सोडून.

"माझी गाठ," ते म्हणाले. "खडखड नको म्हणून मीच आवळली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला देत बसलो पंधरा दिवस."

लेक म्हणाली, "सापडलं ना पण, काका?"

"मला नाही सापडलं. या दिव्याला सापडलं, आणि तुझ्या आईच्या कॅलेंडरला."

"दिवा काय आपोआप कपाटातून चालत आला?" वहिनीने मशीन थांबवलं. "तुम्ही म्हणाला होतात, आवाज सापडला नाही तर. सापडला. कानाने सापडेल असं म्हणाला नव्हतात. मी तिथेच उभी होते."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. वहिनीने शपथ पाळली होती की नाही, हे माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, "बरं. पण कान दाखवून येतो. हत्यारं ठेवत नाही."

नवी वायर घातली तेव्हा त्यांनी ती बोटभर सैल सोडली. दोरा बांधला, पण आत करंगळी जाईल असा. संध्याकाळी लेक गाडी तासभर हिंडवून उतारावरून खाली आली. मी गॅलरीत कान टवकारून उभी होते. पाय काढल्याचं इंजिनच्या बदलत्या सुरावरून कळलं, आणि बाकी काही नाही. हल्ली ती घरी आल्याचं मला कळतच नाही. दारावरची बेल वाजेपर्यंत उगाच जीव टांगणीला लागतो, पण ती तक्रार मी खाली नेलेली नाही.

कानाचं यंत्र महिन्याभराने आलं. भाऊ ते लावून गॅरेजमध्ये आले तेव्हा मी वहिनीपाशी पडद्याचं कापड घेऊन बसले होते. ते दारातच थांबले. डोळे मिटले, मान वळवली, पुन्हा वळवली. मग भरभर मागच्या मोरीकडे गेले.

"अगं, हा नळ कधीपासून गळतोय?"

"दोन वर्षं," वहिनी म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली.

भाऊ पाना आणायला धावले.