कडेकडेची वाट

तुंगाबाईंची डायरी, १६ फेब्रुवारी १९९५, गुरुवार. दोन दिवसांच्या तापानंतर खंडोजी सकाळी सातला कामावर. साईटचा पश्चिमेचा हद्दीचा दगड चार फूट आत सरकलेला. प्रदीपकुमारांना दहाला बोलावलं आहे.

सहा वर्षांपूर्वी घरासमोरच्या आपल्या मोकळ्या साईटवर, म्हणजे प्लॉटवर, खंडोजींना ठेवताना तुंगाबाई म्हणाल्या होत्या, "पहारा द्यायचा." यशवंतपूरच्या रेल्वे यार्डात हयात घालवलेल्या त्या माणसानं नकारार्थी मान हलवली.

"पहारा एका जागी उभं राहून देतात, अक्का. एवढ्या जागेला गस्त घालायला हवी. कडेकडेनं फिरायचं, चारही दगडांना हात लावायचा."

कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईंना असा नेमका बोलणारा माणूस आवडला. तेव्हापासून खंडोजींच्या दिवसाला आठ फेऱ्या. बाईंनी दिलेला चहासुद्धा ते उभ्यानं घेत. "गस्तीवर बसायचं नसतं," म्हणत.

प्रदीपकुमारांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान. पश्चिमेकडच्या शेजारच्या साईटवर त्यांचं घर उठत होतं. दहाला ते आपल्या मेस्त्रीला घेऊन हसतच आले.

"दगड पहिल्यापासून इथंच आहे, अक्का. तुमचा म्हातारा खुर्चीत झोपतो, त्याला काय ठाऊक?"

"खुर्ची कुठली, साहेब? मला कुणी दिलीच नाही," खंडोजी म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला. चार फूट जागा तर जाणारच होती, वर सहा वर्षांची राखण झोपेत जमा होत होती.

बाई छत्री टेकत रस्ता ओलांडून गेल्या. "खंडोजी, एक फेरी घाला बघू."

खंडोजी निघाले. गुडघाभर वाळलेल्या गवतातून त्यांच्याच पायांनी झिजवलेली लाल मातीची वाट होती. तीन बाजूंना ती दगडांच्या आतून जात होती. पश्चिमेला मात्र दगड आत आणि वाट बाहेर. खंडोजींचे पाय सवयीनं वाटेवरूनच गेले.

"म्हणजे हा माझ्या जागेत फिरत होता!" प्रदीपकुमार ओरडले.

"सहा वर्षं?" बाई म्हणाल्या. "रोज आठ वेळा? आणि तुम्ही एकदाही हटकलं नाहीत?"

प्रदीपकुमारांनी मेस्त्रीकडे पाहिलं. मेस्त्री कुदळ आणायला केव्हाच निघाला होता.

"सरी, अक्का, बरं," ते पुटपुटले. "कामावरच्या माणसांची स्वल्प चूक झाली असेल."

दुपारी दगड जागेवर बसला. खंडोजींनी त्याला हात लावला आणि पुढची फेरी धरली.

संध्याकाळी बाईंनी डायरीत लिहिलं: खंडोजी आज प्रथमच आपल्याकडे बसून जेवले. वांग्याची भाजी उरली नाही.