युसेबियोची खिडकी

आमच्या सान हुआन गावात पाणी गाळायची मातीची मडकी बनतात. भाजलेल्या मडक्याला आतून-बाहेरून चांदीच्या पाण्याचा हात देतात, म्हणजे जंतू मरतात. मी या सहकारी कारखान्याची कचेरी सांभाळतो, आणि अकरा वर्षं हे पाणी युसेबियो पोतोय नावाचा कारागीर एकटाच करत आलेला मी पाहिलाय. काचेच्या बरणीत शुद्ध पाणी, त्यात चांदीच्या दोन तारा, तारांना बॅटरी. त्याचं पाणी कडक कॉफीसारखं उतरायचं. बरणी तो रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायचा, लोकांना दिसावी म्हणून.

मार्चमध्ये नूबिया कामावर आली. कुंभाराचीच पोर, पण राजधानीत, मानाग्वाला शिकलेली. तिचं पाणी पातळ मधासारखं पिवळं.

"चांदी घातलीस की नुसती दाखवलीस गं?" युसेबियोने विचारलं.

"काका, चांदीचे कण बारीक राहिले की ते निळा उजेड गिळतात, म्हणून पाणी पिवळं दिसतं. एकमेकांना चिकटून मोठे झाले की तपकिरी, मग करडं. तसले तळाशी बसतात, मडक्याला काय लागणार?"

"असली फिकी कॉफी पाहुण्यांना दिलीस तर लग्न मोडेल तुझं!"

सगळे हसले, नूबियाही. पण मडक्यांना हे पाणी लावणाऱ्या बायका हळूहळू तिचीच बरणी उचलू लागल्या. एके दिवशी कोणीतरी ती खिडकीत ठेवली, युसेबियोची बाजूला सरकवून. त्या दुपारी युसेबियोचा घेवडा-भात ताटात तसाच राहिला.

चांदीचं काम पुढे कोणी करायचं, हे शुक्रवारच्या बैठकीत दोन्ही बरण्या शेजारी ठेवून ठरायचं होतं. बैठकीला नूबियाने बरणीवरचं फडकं काढलं आणि तिचा चेहरा पडला. पाणी गढूळ, तपकिरी-करडं झालं होतं.

"सकाळी तर पिवळंधमक होतं!"

"मग युसेबियोच बरा," सहकारी कारखान्याची अध्यक्ष मेलिदा म्हणाली. "निदान त्याचं रोज सारखं असतं."

युसेबियोचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने आपली बरणी उचलून तिच्या बरणीला लावून धरली. दोन्हींत फरक सांगता येत नव्हता.

"मीठ मी टाकलं," तो म्हणाला. "चिमूटभर."

"तुम्ही? का, काका?"

"जळत होतो म्हणून. आणि माझ्या बरणीत तर रोजच टाकतो. मिठाने वीज नीट वाहते, काम झपाट्याने होतं. मला वाटायचं, गडद म्हणजे चांदी जास्त."

"मिठानेच तर कण चिकटतात."

"ते आत्ता दिसलं."

"म्हणजे अकरा वर्षांची मडकी?" मेलिदाने कपाळाला हात लावला.

"परत चांदी लावीन. घरोघर जाऊन. हिच्या पाण्याने."

त्याने आपली बरणी मोरीत ओतली आणि नूबियाला म्हणाला, "खिडकी तुझी. तारा मात्र मी घासून देईन."

"द्या. पण आधी तो मिठाचा डबा घरी ठेवून या."

सोमवारी खिडकीत नवी पिवळी बरणी होती. तारा घासता घासता युसेबियो दर थोड्या वेळाने तिकडे बघायचा आणि पुटपुटायचा, "थोडी गडद हवी होती."